जखमेला साक्षीदार कोण?

पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी दर वर्षी १४ ऑगस्टला लोक जमतात. १९४२ साली ह्याच दिवशी कचेरीवर चालून आलेल्या निःशस्त्र मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी व सुकुर गोविंद मोरे हे पाच जण धारातीर्थी पडले. ह्या पाच नावांपुढे मस्तक नमवल्याखेरीज ह्या भागात कोणतीही चळवळ सुरू होत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु स्तंभ हा नेहमी मृतांचा असतो. गोळी लागूनही जो जगला त्याचा स्तंभ कोठेही उभारला जात नाही. मेलेल्याच्या त्यागाला पुरावा लागत नाही. वाचलेल्याला मात्र आपल्या जखमेचा कागद हातात घेऊन उरलेले आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्यात घालवावे लागते.

पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि कोळगाव येथे जिल्ह्याच्या मुख्यालयाचे नवे संकुल उभे राहिले. मोखाड्याच्या डोंगरातून किंवा तलासरीच्या सीमेवरून येणाऱ्या माणसाला आपली कैफियत घेऊन आज कोळगावलाच यावे लागते. इमारत नवी आहे, दालने प्रशस्त आहेत. प्रश्न इमारतीचा नाही. खिडकीच्या आतल्या माणसाने बाहेरच्या माणसाला विचारलेला पहिला शब्द कोणता, हा प्रश्न आहे. तो शब्द ‘पुरावा?’ असा असेल तर इमारत बदलली, राज्य बदलले, तरी वृत्ती बदललेली नाही असे समजावे. ह्या वृत्तीचा सर्वांत कठोर अनुभव ज्यांना येतो त्यांत रणांगणावर जखमी होऊन परतलेला सामान्य सैनिक अग्रभागी आहे.

महाराष्ट्राला परिचित असलेले ह्याचे उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर परिसरातला हा मुलगा सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात साधा जवान म्हणून दाखल झाला. तो मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्याच्या अंगात अनेक गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना पोहण्याचा व्यायाम सुरू झाला आणि त्या व्यायामातून एक जलतरणपटू घडला. १९६८ मध्ये तेल अविव येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे त्यांनी पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले, जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक होते. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळण्यास देशाला त्यानंतर २००८ पर्यंत वाट पाहावी लागली.

महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी १९८२ च्या सुमारास केलेली मागणी मात्र नामंजूर झाली. पुढची तीन तपे हा माणूस बहुतेकांच्या विस्मरणात गेला. २०१८ मध्ये पद्मश्री आली. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट निघाला. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात कुबडीच्या आधाराने पुढे येऊन त्यांनी अर्जुन पुरस्कार स्वीकारला तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते. हायडलबर्गला बावन्न वर्षे उलटून गेली होती.

ह्या प्रसंगावर टाळ्या वाजल्या, डोळे पाणावले, वृत्तपत्रांनी ‘अखेर न्याय’ असे मथळे दिले. पण थोडा विचार केला तर त्या टाळ्यांत अस्वस्थ करणारे बरेच काही सापडते. १९७२ सालचा विक्रम १९८२ मध्ये जेवढा खरा होता तेवढाच तो २०२५ मध्ये खरा होता. मधल्या काळात नवा पुरावा काहीही निर्माण झालेला नव्हता. बदलले ते एवढेच की अर्जदार प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा की शासनाने सत्य मान्य केले ते सत्य म्हणून नव्हे, गाजावाजा झाला म्हणून. ज्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत त्या हजारोंचे काय, हा प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडून गेला.

पेटकरांना हवा होता तो पुरस्कार खेळाचा होता, जखमेचा नव्हता, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. म्हणून जखमेच्या पदकाचाच विचार करू.

शौर्यपदक आणि जखमेचे पदक ह्यांत एक मूलभूत भेद आहे. शौर्य हे मूल्यमापन आहे. कोणी किती धैर्य दाखवले ह्याविषयी दोन अधिकाऱ्यांची दोन मते होऊ शकतात, आणि तेथे वरिष्ठांच्या शिफारशीला स्थान असणे समजण्यासारखे आहे. जखम ही वस्तुस्थिती आहे. ती झाली किंवा झाली नाही, एवढेच. तेथे कृपेला वाव नाही, शिफारशीला वाव नाही, हुद्द्याला तर नाहीच नाही. भारतात शत्रूच्या प्रत्यक्ष कृतीने जखमी झालेल्या सैनिकाला ‘पराक्रम पदक’ दिले जाते. नाव पराक्रमाचे आहे, निकष मात्र जखमेचा आहे. जो निकष इतका सरळ आहे तेथे वाद का उद्भवावा? वाद उद्भवतो तो जखमेबद्दल नव्हे, जखमेच्या कागदाबद्दल.

ह्या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथील ‘पर्पल हार्ट’ हे पदक त्याच्या मूळ रूपात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ७ ऑगस्ट १७८२ रोजी सुरू केले, आणि ते साध्या शिपायांसाठी व कनिष्ठ हुद्द्यांच्या सैनिकांसाठी होते. युरोपातील मानचिन्हे सरदार-उमरावांच्या छातीवर झळकत होती त्या काळात हा विचार क्रांतिकारक होता. १९३२ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि पुढे ते मुख्यतः युद्धात जखमी झालेल्यांचे व मृतांचे पदक बनले. हे पदक कोणाच्या शिफारशीवर अवलंबून नसते, तो सैनिकाचा अधिकार मानला जातो. परंतु त्यालाही एक अट आहे. जखमेवर वैद्यकीय उपचार झाल्याची सरकारी नोंद हवी.

येथेच सारी गोम आहे. मिनेसोटा राज्यातील एका सैनिकाच्या मांडीत जून १९५१ मध्ये कोरियाच्या रणभूमीवर उखळी तोफेच्या गोळ्याची कपची घुसली. ती मज्जातंतूजवळ असल्याने डॉक्टरांनी काढली नाही, आणि सत्तर वर्षे ती त्याच्या मांडीतच राहिली. आपल्या देहात पुरावा घेऊन फिरणाऱ्या ह्या माणसाचा अर्ज कागदपत्रे अपुरी म्हणून फेटाळला गेला. ज्याने रणांगणावर पट्टी बांधली त्याचा पत्ता नाही, सोबती बहुतेक निवर्तलेले, मग साक्ष द्यायची कोणी? अखेर तो न्यायालयात गेला, सैन्यातील एका ज्येष्ठाने व लोकप्रतिनिधींनी त्याची बाजू घेतली, आणि २०२४ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्याला पदक मिळाले. लुइझियानातील कृष्णवर्णीय वकील जॉनी जोन्स यांची कथा अधिक विदारक आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये ते जखमी झाले. मायदेशी परतल्यावर वंशभेदाविरुद्ध न्यायालयात लढण्यात त्यांनी आयुष्य घालवले. त्यांना पदक मिळाले ते २०२१ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी ते वारले.

ह्या जुन्या लढायांच्या गोष्टी झाल्या, आता असे होत नाही, असे समजण्याचे कारण नाही. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील अल् असद तळावर क्षेपणास्त्रे डागली. कोणालाही इजा झाली नाही, असे प्रथम जाहीर झाले. नंतर शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला स्फोटाच्या दणक्याने इजा झाल्याचे निष्पन्न झाले. राष्ट्राध्यक्षांनी मात्र ह्या इजेची संभावना डोकेदुखी म्हणून केली. आरंभी २९ जणांना पदके मिळाली. उरलेल्यांचा पाठपुरावा झाला, प्रकरणे पुन्हा तपासली गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये आणखी ३९ जणांना ती मंजूर झाली. रक्त दिसले नाही म्हणून जखमच नाही, हा सत्ताधाऱ्यांचा सोयीस्कर सिद्धान्त जगात सगळीकडे सारखाच आहे.

आता भारताकडे वळू. आपल्या सैन्यात जखमी जवानाची नोंद दोन प्रकारांत होते. लढाईतील हानी आणि इतर शारीरिक हानी. ह्या दोन शब्दप्रयोगांत त्या जवानाचे उर्वरित आयुष्य विभागलेले असते. पहिल्या रकान्यात नाव पडले तर पदकाची वाट मोकळी होते आणि युद्धजखमेचे निवृत्तिवेतन मिळते. दुसऱ्या रकान्यात पडले तर मिळाले तर साधे अपंगत्व-वेतन, आणि तेही पुष्कळदा झगडून. रकाना कोणता हे प्रथम ठरते ते त्याच्या तुकडीने पाठवलेल्या अहवालावरून. त्या वेळी जवान रुग्णालयात बेशुद्ध असतो. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे त्याला कित्येकदा निवृत्तीनंतर कळते, आणि तेव्हा तो साताऱ्याच्या किंवा जव्हारच्या एखाद्या खेड्यात, इंग्रजी न वाचता येणारा एक अर्जदार झालेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ह्या विषमतेची दखल घेतली आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात जुलै २०१३ मध्ये न्यायालयाने तत्त्व सांगितले ते असे : भरतीच्या वेळी जो निरोगी म्हणून नोंदला गेला, त्याच्यात पुढे उद्भवलेले अपंगत्व सेवेमुळेच आले असे गृहीत धरावे, ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा. हा निर्णय केवळ निवृत्तिवेतनाचा नाही. पुराव्याचा भार दुर्बळाच्या डोक्यावरून उचलून बलवानाच्या डोक्यावर ठेवणारा हा विचार आहे, आणि समाजवादी विचारसरणीच्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

पण न्यायालयाने तत्त्व सांगितले म्हणून कचेरी बदलत नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जवानाने जिंकलेल्या दाव्यांविरुद्ध सरकारच अपिलात जात राहिले. संरक्षण मंत्रालयानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीला २०१५ मध्ये अशी निष्कारण अपिले थांबवा, अशी शिफारस करावी लागली. २०२३ मध्ये अपंगत्वाच्या भरपाईचे नवे नियम आले आणि त्यांनी जखमी सैनिकाचे हक्क आकुंचित होतील असा आक्षेप माजी सैनिकांच्या वर्तुळांतून घेतला गेला. सीमेवर जवानाला पाठवताना राष्ट्र एकमुखाने त्याचा जयजयकार करते. त्याच जवानाने हक्क मागितला की राष्ट्राचा वकील उभा राहून त्याच्याविरुद्ध युक्तिवाद करतो. ह्या दुटप्पीपणाला देशभक्ती म्हणावयाचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

ह्या वृत्तीची मुळे जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर ह्या निवृत्त सैनिकाने अर्ज तयार केला आणि आपल्या समाजाने गाजवलेल्या सेवेचे दाखले त्यात दिले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही तोच लढा चालवला. ज्यांनी रक्त सांडले त्यांनाच आपण लढवय्ये आहोत हे अर्ज करून सांगावे लागले! महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, साम्राज्याला महायुद्धात माणसे हवी होती तेव्हा. सत्तेला गरज असते तेव्हा पुराव्याची अट गळून पडते, आणि गरज संपली की ती पुन्हा उगवते, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

स्वातंत्र्यसैनिकांच्या वाट्यालाही हेच आले. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्राने सन्मानवेतनाची योजना सुरू केली. सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती. गोळीबारात वा लाठीमारात कायमचे अपंगत्व आलेल्यांनाही तीत स्थान होते. परंतु ज्या सरकारने गोळी झाडली त्याच सरकारच्या दप्तरातून त्या गोळीचा दाखला आणावयाचा होता. भूमिगत असलेल्याने भूमिगत असल्याचे प्रमाणपत्र कोठून आणावे? सर्वोच्च न्यायालयाला १९९३ मध्ये सांगावे लागले की अर्जाच्या मुदतीवर बोट ठेवून हा सन्मान नाकारू नका, आणि २००१ मध्ये पुन्हा सांगावे लागले की फौजदारी खटल्यातील पुराव्याची कसोटी ह्या वृद्धांना लावू नका.

ह्यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पुराव्याची अट सैल केली की खोटे लाभार्थी घुसतात. महाराष्ट्राला ह्याचा अनुभव आहे. बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण गाजले, चौकशी आयोग बसला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण त्या प्रकरणाने नेमके काय सिद्ध केले? खोट्या माणसाजवळ कागद होते, शिफारशी होत्या, साक्षीदार होते. कागदाची चाळणी लबाडाला अडवत नाही. लबाड कागद तयार करतो. ती चाळणी अडवते ती फक्त प्रामाणिक आणि निरक्षर माणसाला. तेव्हा उपाय कागद वाढवण्यात नाही, तपास करण्यात आहे. मांडीतली कपची क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. तुकडीची युद्धदैनंदिनी, रुग्णालयाची भरतीवही, सोबत्यांची निवेदने हे सर्व शासनाच्या हाती असते किंवा शासन ते मिळवू शकते. शोध घेण्याची साधने ज्याच्यापाशी आहेत त्याने शोध घ्यावा, हा साधा न्याय आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो. शांततेचा पुरस्कार करणाऱ्यांनी पदकांची चिंता का करावी? पदके ही युद्धाची आरास नव्हे काय? ह्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. युद्धाला विरोध करणे म्हणजे युद्धात भरडलेल्याकडे पाठ फिरवणे नव्हे. सैन्यातला साधा शिपाई हा अल्पभूधारक शेतकऱ्याचा, शेतमजुराचा, दुष्काळी तालुक्यातल्या कुटुंबाचा मुलगा असतो. त्याने युद्ध पुकारलेले नसते. शिवाय जखमेची प्रामाणिक नोंद ठेवणे हे युद्धाच्या उदात्तीकरणाचे साधन नसून त्यावरचा उतारा आहे. विजयाच्या मिरवणुकीत जखमींची यादी वाचली जात नाही, कारण ती वाचली तर मिरवणूक थांबेल. पुण्याजवळ खडकी येथे अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे आणि १९७४ पासून पंगू सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. प्रत्येक युद्धज्वराच्या वेळी कार्यकर्त्यांनी तेथे एक फेरी मारावी. युद्धाची खरी किंमत तेथे चाकांच्या खुर्चीवर बसलेली दिसते.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराला ह्या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रसायनांच्या कारखान्यात हात भाजलेला कंत्राटी मजूर, फुप्फुसे गमावलेला मजूर ह्यालाही हेच विचारले जाते : ‘इजा कामावर असतानाच झाली कशावरून?’ हजेरीपटावर त्याचे नाव नसते, आणि हजेरीपट मालकाच्या हाती असतो. काही ठरावीक व्यवसायजन्य रोगांच्या बाबतीत रोग कामामुळेच झाला असे गृहीत धरण्याचे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, तोही परकीय राजवटीत, स्वीकारले होते. त्यालाही आता शतक लोटले. सैनिकाचा आणि कामगाराचा प्रश्न मुळात एकच आहे. ज्याच्या हुकमाने माणूस धोक्यात गेला, त्याच्याच हाती त्या धोक्याची नोंदवही असते.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. पहिली, शत्रूच्या कृतीने झालेल्या जखमेचे पदक हा सैनिकाचा अधिकार मानावा आणि अर्ज फेटाळताना त्याची कारणे त्याच्या मातृभाषेत लेखी द्यावीत. दुसरी, जखमेची नोंद कोणत्या प्रकारात केली हे जवानाला रुग्णालयातून बाहेर पडतानाच कळवावे, म्हणजे साक्षीदार हयात असताना त्याला हरकत घेता येईल. तिसरी, नोंदी हरवल्या असतील तर त्याचा तोटा ज्याने त्या हरवल्या त्याने सोसावा. चौथी, जवानाच्या बाजूने लागलेल्या निकालाविरुद्ध सरसकट अपिले करण्याची प्रथा बंद व्हावी. ह्यांपैकी एकाही मागणीला मोठा खर्च नाही. लागते ती केवळ दृष्टी बदलण्याची तयारी.

कार्यकर्त्यांचेही काम आहे. आपापल्या तालुक्यात १९६२, १९६५, १९७१ आणि त्यानंतरच्या मोहिमांत जखमी झालेले जे हयात आहेत त्यांची भेट घ्यावी, त्यांची हकिगत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, सोबत्यांची निवेदने जमवावीत आणि अर्ज लिहून द्यावेत. कोळगावच्या पायऱ्या त्या वृद्धाने एकट्याने चढू नयेत. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीकडे झुकला आहे किंवा ती ओलांडून गेला आहे. त्याच्या साक्षीदारांची संख्या दर वर्षी घटते आहे, आणि विलंब करणाऱ्या कचेरीला हे चांगले ठाऊक आहे.

पेटकरांना ऐंशीव्या वर्षी मिळाले, जोन्स यांना एकशे एकाव्या वर्षी. हे न्यायाचे विजय म्हणून सांगितले जातात. वस्तुतः त्या दोघांच्या दीर्घायुष्याचे ते विजय आहेत. न्याय मिळण्यासाठी माणसाला शंभर वर्षे जगावे लागत असेल तर त्या व्यवस्थेत न्याय आहे असे म्हणता येणार नाही. जखम सैनिकाच्या देहावर आहे. तिला साक्षीदार होणे हे ज्या समाजासाठी ती झाली त्या समाजाचे काम आहे.